आमची वाटचाल : बालाघाटावरची डाळ मिल

आमची छोटी डाळ मिल बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात आहे. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळी झाली की गावं निम्मी रिकामी होतात. मुकादमाची उचल, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाचं एकच माप, मोजला जातो. बाई पहाटे भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते. पण उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि हिशेबही त्याच्याच नावाने होतो. तिच्या वाट्याची मजुरी किती, हे कुठं लिहिलेलंच नसतं.

२०१२ च्या दुष्काळानंतर आमच्या बचत गटात हाच विषय निघाला. मूग-उडीद भादव्यात येतो, तूर संक्रांतीच्या पुढंमागं, हरभरा शिमग्याला. म्हणजे ऊसतोडीच्या महिन्यांतच डाळीचं काम निघू शकतं. तरी आम्ही तूर कच्ची विकत होतो आणि डाळ दुकानातून आणत होतो! जात्यावर भरडून आठवडी बाजारात विकायला लागलो, डाळ खपली, मग मशिनचा विचार केला.

बँकेत पहिला प्रश्न सातबाऱ्याचा. आमच्यापैकी एकीच्याही नावावर गुंठाभर जमीन नव्हती. पेरणी, खुरपणी, काढणी आमच्या हातची. सातबारा सासऱ्याचा नाहीतर नवऱ्याचा. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा दिला. पण भाऊ दुखावू नये, माहेर तुटू नये म्हणून लेकी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’तून बायकोच्या नावे जमीन करा म्हणून सांगितलं, त्याला तीस वर्षं उलटून गेली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ साली मांडलं, की शेतकरी बायकांना पुरुषांइतकीच साधनं मिळाली तर त्यांचं उत्पादन २० ते ३० टक्क्यांनी वाढेल आणि जगातले उपाशी १० ते १५ कोटींनी कमी होतील. जगाचा हा हिशेब आमच्या तालुक्यालाही लागू आहे, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी गटाच्या नियमित परतफेडीवर कर्ज मिळालं. पुढची मशिनरी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून आली, ३५ टक्के अनुदानावर.

मशिन आली तरी पारख बायकांचीच. तुरीला तेलाचा हात लावून ढीग रात्रभर झाकून ठेवतो, मग उन्हात पसरतो. वाळली की नाही ते आमची एक मावशी दाणा दाताखाली धरून सांगते. कडकन तुटला तर भरडायला घ्यायची, दबला तर अजून एक ऊन. ओली तूर घातली की डाळीचा चुराच जास्त निघतो. चुनी-कोंडा गावातल्याच दुभत्या जनावरांना जातो.

मजुरी प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात जमा होते. सुरुवातीला यावरून घरोघरी कुरबुर झाली, आम्ही मागं हटलो नाही. आता मिलवर काम करणाऱ्या बऱ्याच जणी उचल घेत नाहीत, त्यांची पोरं वर्षभर एकाच शाळेत असतात.

खरेदीतही आम्ही एक नियम केला आहे. सातबाऱ्यावर बाईचं नाव असेल तर तिच्या तुरीला क्विंटलमागे १०० रुपये जास्त, आणि पैसे तिच्याच खात्यात. बायकोच्या नावे शेतजमिनीचं बक्षीसपत्र करायला मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं, हे आम्ही काट्यावर आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो. दोघांनी एकेक एकर करूनही दिली आहे.