सहा ते आठ मिलिमीटरचा घोळ

एम.व्ही.एस्सी.च्या थिसिससाठी कोंबडीचं अंडाशय घेतलं म्हटल्यावर रूममेट म्हणाली, "काहून वं, गाई-म्हशी सरल्या का?" गाई-म्हशी भरपूर आहेत. पण फॉलिकलच्या, म्हणजे बीजपेशी जिच्यात वाढते त्या पिशवीच्या, वाढीचे सगळे टप्पे एका वेळी, एकाच ठिकाणी नुसत्या डोळ्यांनी बघायचे असतील तर कोंबडीसारखं जनावर नाही. डावंच अंडाशय कामाचं, उजवं वाढतच नाही. नागपुरातल्या गिट्टीखदानच्या चिकन सेंटरवर कधी लेअर, म्हणजे अंड्यांची कोंबडी, कापताना थांबला असाल तर पोटातली ती पिवळी अंडी पाहिली असतीलच. सर्वात मोठं फॉलिकल, साधारण 4 सेंटीमीटरचं, ते एफ-वन. उद्याचं अंडं तेच. मग एफ-टू, एफ-थ्री असे पाच-सहा उतरत्या क्रमाने, त्याखाली 6 ते 8 मिलिमीटरची छोटी पिवळी आणि मग पांढऱ्यांचा घोसच.

माझा प्रश्न त्या 6 ते 8 मिलिमीटरवाल्यांचा होता. त्यातून दिवसाला साधारण एकच पुढे सरकतं आणि आठवडाभरात फुगून एफ-वन होतं. बाकीची बरीचशी जागच्या जागी विरून जातात. रक्त तेच, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं, फॉलिकल वाढवणारं एफएसएच हे हार्मोन तेच, मग एकट्यालाच बढती कशी?

कमिटीची मंजुरी, फॉर्म, सह्या यात गेलेल्या वेळाबद्दल न लिहिलेलंच बरं. खरं काम शेडवर सुरू झालं. कोणती कोंबडी किती वाजता अंडं देते याची नोंद आधी लागते, कारण सलग अंडी देणाऱ्या कोंबडीत अंडं बाहेर पडल्यावर साधारण अर्ध्या तासात पुढचं बीज सुटतं. वेळ माहीत नसेल तर हातातलं एफ-वन नुकतं पहिल्या नंबरवर आलंय की आता फुटायच्या बेतात आहे, ते कळायला मार्ग नाही. त्यात चक्र 24 तासांपेक्षा थोडं मोठं, त्यामुळे अंडं रोज जरा उशिरा येतं आणि मध्येच एक दिवस खाडा पडतो. मे महिन्यात नागपुरात पत्र्याखाली वही घेऊन हे टिपत बसणं काय असतं, ते इथल्यांना सांगायला नको.

थर वेगळे करणं मला मनापासून आवडलं. एफ-वन बर्फात गार केलेल्या सलाइनमध्ये ठेवायचं. वर रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आणि मधोमध रक्तवाहिन्या जवळपास नसलेला फिकट पट्टा, तो स्टिग्मा. बीज सुटताना फॉलिकल तिथेच फाटतं. चिरा दिला की बलक ओघळतो आणि चिमट्याने हलकेच हलवलं की आतून अर्धपारदर्शक पापुद्रा सुटून पाण्यात तरंगतो. तो ग्रॅन्युलोसा, फॉलिकलचा आतला पेशीथर. उरलेली गुलाबी, चिवट पिशवी म्हणजे थीका, बाहेरचा थर. मोठ्या फॉलिकलमध्ये हे चटकन जमतं, 7 मिलिमीटरच्या फॉलिकलमध्ये श्वास रोखून करावं लागतं. पांढऱ्या बारक्यांचे थर मी वेगळे केलेच नाहीत, अख्खी वापरली.

पुढे नेहमीची वाट: ट्रायझॉल आणि क्लोरोफॉर्मने पेशींतला आरएनए वेगळा काढायचा आणि कोणतं जनुक किती चालू आहे ते क्यूपीसीआरने मोजायचं. बलक मात्र आधी नीट धुऊन काढा, त्यातली चरबी आरएनएची शुद्धता बिघडवते.

आलेख पुस्तकाला धरूनच आले. एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) याचं जनुक लहान फॉलिकलमध्ये जोरात आणि निवड झाली की खाली. एफएसएचचा रिसेप्टर, म्हणजे ते पकडणारा पेशीवरचा रेणू, निवडीच्या उंबरठ्यावरच्या फॉलिकलमध्ये चढा. निवडीआधी ग्रॅन्युलोसाच्या पेशींपर्यंत एफएसएच पोचतं, पण सीएएमपी या रेणूमार्फत पेशीच्या आत जाणारा संदेश दाबून ठेवलेला असतो. तो दाब सुटला की स्टार आणि सीवायपी-11-ए-1 ही स्टेरॉइड हार्मोन बनवायला लागणारी जनुकं जागी होतात, पेशी प्रोजेस्टेरॉन बनवू लागतात आणि एलएच या पिट्युटरीच्याच, बीज सुटायला लावणाऱ्या हार्मोनचे रिसेप्टरही वाढतात. इस्ट्रोजेन मात्र मुख्यतः लहान फॉलिकलच्या थीकातून येतं. त्याच्या हुकमावरून यकृत बलकाचा माल तयार करतं आणि बीजपेशी तो व्हीएलडीएल (रक्तातून चरबी वाहून नेणारे कण) पकडणाऱ्या रिसेप्टरमधून आत ओढते. हा रिसेप्टरच बिघडलेल्या कोंबड्या संशोधकांना माहीत आहेत: रक्तात चरबीच चरबी, पण अंडं जवळपास नाहीच.

तोंडी परीक्षेत अपेक्षित प्रश्न आलाच: एलएचची लाट कशाने उठते? सस्तन प्राणी घोकून आलेला माणूस इस्ट्रोजेन म्हणतो. कोंबडीत ते काम प्रोजेस्टेरॉन करतं, तेही मुख्यतः एफ-वनच्या ग्रॅन्युलोसातून आलेलं, बीज सुटण्याच्या 4 ते 6 तास आधी. मग दुसरे सर म्हणाले, "खुडूक बसली की काय होतं?" प्रोलॅक्टिन हे उबवणीला बसवणारं हार्मोन वाढतं, एलएच उतरतं, पिवळी फॉलिकल आक्रसतात. गावाकडच्या कोणालाही विचारा, खुडूक कोंबडी अंडं देत नाही हे तो सांगेलच. कारण तेवढं आमच्याकडे.

6 ते 8 मिलिमीटरच्या गटाचे आकडे मात्र शेवटपर्यंत विखुरलेले राहिले आणि माझ्या मते ते तसेच राहायला हवेत. त्या गटात एखादं निवडलं गेलेलं असू शकतं, बाकीची नसतात, आणि बाहेरून सगळी सारखीच दिसतात. सगळी एका ट्यूबमध्ये कुटली की सरासरी छान येते आणि नेमकं बघायचं तेच पुसलं जातं. म्हणून प्रत्येक फॉलिकलला स्वतंत्र ट्यूब द्या. लेबलवर कॅलिपरचं माप, कोंबडीचा नंबर आणि अंडं दिल्याची वेळ लिहा, तेही पेन्सिलने. मार्कर अल्कोहोलने पुसला जातो.