संघाशी बिनसलं तेव्हा: एका हॉकीपटूच्या बिलेट-आईचा अनुभव

कॅनडात ज्युनियर आइस हॉकी (बर्फावरची हॉकी) खेळणारी मुलं सोळाव्या वर्षी घर सोडतात. ज्या गावच्या संघाने निवडलं तिथे जायचं, तिथल्या शाळेत नाव घालायचं आणि संघाने ठरवून दिलेल्या कुटुंबात राहायचं. अशा कुटुंबाला इथे बिलेट म्हणतात. आमचा मुलगा विद्यापीठात गेला, वरची खोली रिकामी झाली, तेव्हा आम्ही आमच्या गावच्या ओएचएल (ओंटारिओ हॉकी लीग) संघाकडे नाव दिलं. २०१८ च्या उन्हाळ्याच्या शेवटी उत्तर ओंटारिओतून एक सोळा वर्षांचा सेंटर, म्हणजे पुढच्या फळीत मधे खेळणारा मुलगा, आमच्याकडे राहायला आला. त्याचं नाव इथे देत नाही. तो अजून खेळतोय, आणि ज्या संघाशी त्याचं बिनसलं तो संघही आहे तिथेच आहे.

लिहायचं कारण एवढंच की अशा भांडणाची बातमी दोन ओळींत संपते: खेळाडू हजर झाला नाही, संघाने निलंबित केलं. त्या दोन ओळींच्या मध्ये घरात काय काय चालतं ते कुणी लिहीत नाही. टोरांटोच्या आसपास आता मराठी घरांतली मुलंही हॉकीचे स्केट्स बांधू लागली आहेत, त्यांच्या आईबापांना तरी हे माहीत असावं.

गोष्ट सुरू होते करोनापासून. एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) ही इथली सगळ्यात वरची लीग, आणि तिचे संघ तरुण खेळाडूंचे हक्क निवडून घेतात तो ड्राफ्ट. २०२० चा ड्राफ्ट जूनऐवजी ऑक्टोबरात झाला आणि तोही ऑनलाइन. तिसऱ्या फेरीत एका संघाने त्याला घेतलं. सगळे आनंदात होते. पण त्याच वर्षी ओएचएलचा हंगाम लांबत लांबत गेला आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तो पूर्णच रद्द झाला. पश्चिमेकडच्या आणि क्वेबेकच्या ज्युनियर लीगनी निदान छोटे हंगाम खेळवले. आमच्याकडच्या मुलांना एकही सामना मिळाला नाही. अठरा ते एकोणीस हे वय असं आहे की त्यात शरीर भरतं, मोठ्या मुलांचे धक्के खाऊन पकवर (आइस हॉकीतल्या रबरी चकतीवर) ताबा ठेवायला शिकतात. ते वर्ष त्याने वडिलांच्या गॅरेजमध्ये जाळ्यावर शॉट मारत काढलं. पुढे त्याच्याबद्दल जे जे बोललं गेलं, ‘मंद आहे’, ‘निर्णय उशिरा घेतो’, त्याचं मूळ मला त्या हरवलेल्या वर्षात दिसतं. संघाने हे कधी धरलंच नाही याचा मला आजही राग आहे.

२०२२ च्या वसंतात त्याने त्या एनएचएल संघाशी एंट्री-लेव्हल, म्हणजे पहिला, करार केला. तेव्हाच्या नियमाने ज्युनियरमधून ड्राफ्ट झालेल्या मुलाला दोन वर्षांत, १ जूनपर्यंत करार दिला नाही तर संघाचा हक्क जायचा, त्यामुळे हे सगळं शेवटच्या आठवड्यांत घाईने झालं. तीन वर्षांचा, टू-वे करार. वर एनएचएलमध्ये खेळला तर एक पगार, खाली एएचएलमध्ये (एनएचएलच्या लगेच खालच्या लीगमध्ये) खेळला तर त्याच्या कितीतरी पट कमी. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२३-२४ मध्ये, वरचा किमान पगार ७,७५,००० डॉलर होता, आणि त्याचा एएचएलचा आकडा लाखाच्या आत. मी शाळामंडळाच्या पगार विभागात काम करते, त्यामुळे असले कागद मला वाचता येतात. पण सही झाली तेव्हा तो करार मला कुणी दाखवला नव्हता आणि दाखवायचं कारणही नव्हतं. मी त्याची आई नव्हे.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी एएचएलचा प्रशिक्षक बदलला आणि गाडी घसरली. हा जन्मभर सेंटर खेळलेला मुलगा. त्याला विंगवर, म्हणजे कडेला टाकलं, तेही चौथ्या, शेवटच्या लाइनमध्ये (फळीत). मग सात-आठ मिनिटांचा खेळ, मग तोही नाही. दुखापत नसताना संघाबाहेर बसवलं की त्याला हेल्दी स्क्रॅच म्हणतात. खेळाडू सूट घालून वर प्रेक्षकांत बसतो आणि आपल्याच संघाचा सामना बघतो. असं एकदा झालं तर माणूस समजून घेतो. याच्या बाबतीत ते नेहमीचंच झालं, आणि का, हे कुणी सांगेना. विचारलं तर उत्तर एकच, ‘मेहनत करत राहा’. कशावर मेहनत, ते नाही.

डिसेंबरात एका सकाळी तो सरावाला गेला तर लॉकरवरची त्याच्या नावाची पट्टी काढलेली. ईसीएचएलमध्ये, म्हणजे आणखी एक पायरी खाली, जायचं होतं. निरोप त्याला साहित्य सांभाळणाऱ्या माणसाकडून मिळाला. त्याने बॅग उचलली, गाडीत टाकली आणि तिकडे जायचं सोडून आमच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या आईवडिलांचं गाव तिथून फार लांब, आमचं घर रस्त्यात. हातमोजे, पॅड, सगळा ओला सरंजाम तसाच बॅगेत कोंबलेला. मी आधी तो तळघरात दोरीवर वाळत घातला. त्याचा वास ज्याच्या घरी हॉकीपटू आहे त्यालाच कळेल.

दुसऱ्या दिवशी निलंबनाचं पत्र ईमेलने आलं. हजर होईपर्यंत पगार बंद.

पुढचे काही आठवडे कसे गेले ते जरा सविस्तर सांगते, कारण निर्णय सगळे त्यातच झाले. वडील फोनवर एकच सांगत होते, ‘आत्ताच्या आत्ता परत जा.’ एजंटचं म्हणणं उलटं: पत्रकाराला बातमी द्यायची, ट्रेड (दुसऱ्या संघाशी अदलाबदल) मागितलाय असं जाहीर करायचं, संघावर दबाव येईल. मुलगा एकवीस वर्षांचा, दोघांच्या मध्ये. रात्री झोपत नव्हता. पहाटे पाणी प्यायला उठलं की जिन्याखालून लॅपटॉपचा उजेड दिसायचा. स्वतःच्याच चुकांच्या क्लिप पुन्हा पुन्हा बघत बसलेला असायचा.

मी त्याला एवढंच म्हटलं, ‘कुणाचंही ऐकायच्या आधी तू सही कशावर केलीस ते वाचूया.’ करार छापून आणला आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने वाचला. एजंटला स्पीकरवर ठेवून शंका विचारल्या. त्यातून जे समजलं ते प्रत्येक ड्राफ्ट झालेल्या मुलाला आधीच माहीत हवं.

हक्क संघाकडे असतात. करार चालू असताना स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, कुठेही जाऊन खेळायचं तर संघाची परवानगी लागते. संघाने मनावर घेतलं तर लोनवर पाठवतो. न्यूयॉर्क रेंजर्सचा लियास अँडरसन २०१९ च्या डिसेंबरात एएचएल सोडून निघून गेला, त्याला पुढे असंच स्वीडनला खेळू दिलं होतं. पण तो ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर घेतलेला खेळाडू होता. दुसरी गोष्ट वेव्हर्सची. अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी इतर सगळ्या संघांना तो फुकट उचलायची संधी द्यावी लागते. विसाव्या वर्षी करार केलेला मुलगा मात्र तीन वर्षं किंवा १६० एनएचएल सामने होईपर्यंत यातून सुटलेला असतो. म्हणजे त्याला कितीही वेळा वरखाली हलवा, संघाचं काही जात नाही. याच्या कराराचीही वर्षं तीनच! ते वाचून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘म्हणजे मी रुसून बसलो तर त्यांना काहीच फरक पडत नाही.’

माझा नवरा गेली कित्येक वर्षं हॉकी बघतो. त्याने जोनाथन ड्रुएंची गोष्ट काढली. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर टॅम्पा बेने घेतलेला मुलगा. २०१६ च्या जानेवारीत त्याला सिरॅक्यूजला, एएचएलमध्ये पाठवलं, एजंटने ट्रेडची मागणी जाहीर केली, त्याच महिन्यात तो एका सामन्याला गेलाच नाही आणि बिनपगारी निलंबित झाला. सगळ्यांना वाटलं आता विकतील. जनरल मॅनेजर स्टीव्ह आयझरमन होता, त्याने घाई केली नाही. ट्रेडची मुदत गेली, आणि मार्चमध्ये ड्रुएं स्वतः सिरॅक्यूजला परतला. एप्रिलमध्ये त्याला वर बोलावलं आणि त्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) त्याने १७ सामन्यांत १४ गुण (गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून) मिळवले. ट्रेड झाला तो २०१७ च्या जूनमध्ये, माँट्रियलशी, आणि बदल्यात टॅम्पाला मिखाईल सर्गाचेव्ह मिळाला.

‘पण तो ड्रुएं होता,’ मुलगा म्हणाला. बरोबरच होतं. तिसऱ्या फेरीतल्या, नीट गोल होत नसलेल्या मुलासाठी कोण काय देणार? माझं मत तेव्हाच पक्कं झालं आणि आजही तेच आहे: ज्याचा भाव वर आहे त्याने जाहीर भांडावं, ज्याचा नाही त्याने बंद दाराआड बोलावं आणि बर्फावर राहावं. बातमी द्यायची नाही असं त्याने एजंटला त्याच संध्याकाळी कळवलं. एजंट नाराज झाला. होऊ दे.

झोपेचा प्रश्न वेगळा होता, आणि माझ्या दृष्टीने जास्त मोठा. एनएचएल आणि खेळाडूंची संघटना मिळून एक सहाय्य कार्यक्रम चालवतात, १९९६ पासून. समुपदेशकाशी बोलता येतं, गुप्तता असते. त्याला भीती होती की संघाला कळलं तर ‘मनाने कमजोर’ असा शिक्का बसेल. ड्रुएंनेच २०२१ मध्ये रजा घेऊन नंतर चिंतेच्या आणि निद्रानाशाच्या त्रासाबद्दल उघडपणे सांगितलं होतं, ते मी त्याला वाचायला दिलं. त्याने फोन केला. वरच्या खोलीचं दार लावून बराच वेळ बोलत होता. लगेच झोप लागली असं नाही, पण रात्री लॅपटॉप खाली स्वयंपाकघरात ठेवायला लागला.

रोज पहाटे गावातल्या रिंकवर तासभर बर्फ भाड्याने घ्यायचा, स्वतःच्या पैशाने. पगार बंद असताना ते जड जात होतं. त्याचा जुना ज्युनियर प्रशिक्षक यायचा, दोघंच असायचे. मी ऑफिसला जाताना कधीकधी काचेपाशी थांबायचे. कोपऱ्यात पक यायचा, हा पाठ वळवण्याआधी खांद्यावरून मागे बघायचा, मग वळायचा. पुन्हा पक, पुन्हा खांद्यावरून नजर. ज्याला सगळे ‘निर्णय उशिरा घेतो’ म्हणत होते त्याचं औषध एवढंच होतं: पक हातात येण्याआधी बघून ठेवणं. हे त्याला कुणी आधी दाखवून दिलं असतं तर?

नाताळानंतर संघाच्या खेळाडू-विकास प्रमुखाशी व्हिडिओ कॉल ठरला. एजंटही कॉलवर होता, पण बोलायचं मुलानेच, असं ठरलं होतं. त्याने एका कागदावर तीन प्रश्न लिहिले. मला सेंटर म्हणून बघता की विंगर म्हणून? ईसीएचएलला गेलो तर कोणत्या गोष्टी दिसल्या की परत बोलवाल? माझ्याशी दर आठवड्याला कोण बोलणार? चौथा प्रश्न होता, ‘मला असं का वागवलं?’ तो त्याने स्वतःच खोडला. मी आत स्वयंपाकघरात होते. आवाज चढला नाही. प्रमुखाने पट्टीच्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली, तसं व्हायला नको होतं म्हणाला. ट्रेडची विनंती नोंदवून घेतली, आश्वासन दिलं नाही. तिसऱ्या प्रश्नाला मात्र नाव मिळालं: एक माजी खेळाडू, दर सोमवारी फोन.

तो ईसीएचएलला गेला. निलंबन उठलं, गेलेला पगार गेला. लांबलांबचे बसप्रवास, लहान रिंक, पण तिथे तो सेंटर होता आणि सामन्यात वीस मिनिटं बर्फावर असायचा. सोमवारचा फोन काही दिवस आला, मग अनियमित झाला, मग बंद पडला. मार्चमध्ये एएचएलला परत बोलावलं. तिसऱ्या वर्षी तो तिथे बहुतेक सामने खेळला, चांगला खेळला असंही म्हणेन. पण प्रशिक्षक तोच होता, आणि मन एकदा उतरलं ते उतरलंच. २०२५ च्या जूनअखेर संघाने क्वालिफाइंग ऑफर, म्हणजे हक्क राखायला लागणारा नव्या कराराचा प्रस्ताव, दिली नाही. १ जुलैला तो मोकळा झाला. त्या दिवशी त्याने आम्हाला फोन केला, तो मी स्पीकरवर ऐकला. मला वाटलं होतं रडेल, पण त्याचा आवाज हलका होता.

दोन संघांकडून विचारणा झाली. एकाकडे पैसे थोडे जास्त होते. त्याने दुसरा घेतला, एक वर्षाचा टू-वे करार, कारण तिथल्या एएचएल प्रशिक्षकाने स्वतः फोन करून त्याच्या क्लिप दाखवत बोलणं केलं. या हंगामात तो दुसऱ्या लाइनवर सेंटर खेळतोय. वरून बोलावणं अजून आलेलं नाही. करार जूनमध्ये संपेल. मागच्या आठवड्यात एजंटशी पुढचं बोलणं सुरू झालं तेव्हा पैशाआधी त्याने विचारलं की नव्या करारात दर आठवड्याच्या बोलण्याची जबाबदारी कुणाची, ते नाव लिहून मिळेल का. असं कलम करारात घालता येत नाही, एजंट म्हणाला. मग मला त्या माणसाचा नंबर दे, हा म्हणाला, मीच फोन करतो.