बाबांच्या डोळ्यातलं प्रेशर

बाबांचं एकच पालुपद, "माका सगळा दिसता." आणि ते खोटंही नव्हतं, गावातल्या शिबिरात बोर्डावरची शेवटून दुसरी ओळ घडाघडा वाचली, झालं, डोळे उत्तम. त्यापुढे शिबिरात कोणी काही बघितलंच नाही. तो अक्षरांचा बोर्ड स्नेलेन नावाच्या डच डोळ्यांच्या डॉक्टरने १८६२ साली काढला, तो समोरचं किती स्पष्ट दिसतं तेवढंच सांगतो, कडेचं काय ते त्याला कळतच नाही.

मग मीच मागे लागून कुडाळला नेलं. पहिल्या मशीनला हनुवटी टेकली तर आत लांब रस्त्यावर एक फुगा, तो धूसर होतो परत स्पष्ट होतो आणि तेवढ्यात नंबर छापून बाहेर (बाबा सगळ्यांना सांगत होते, "रस्त्यार फुगो असा"). दुसऱ्या मशीनने डोळ्यावर फुस्सकन हवा मारली. बाबा दचकून मागे, "मेलां ह्यां काय फुंकता गो!" उजव्या डोळ्याचं प्रेशर आलं २८. साधारण १० ते २१ असावं लागतं.

हवेच्या मशीनवर डॉक्टरांचा फार भरवसा नव्हता. डोळा बधिर करायचा थेंब, पिवळा रंग, निळा उजेड, आणि स्लिट लॅम्पवरचं (डोळा मोठा करून दाखवणारं दुर्बिणीसारखं मशीन) छोटं शंकूसारखं टोक अलगद बुबुळाला टेकवलं. मला पण त्यातून बघू दिलं, दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, नॉब फिरवत फिरवत त्यांच्या आतल्या कडा एकमेकांना टेकल्या की जो आकडा येतो ते प्रेशर. २६. मग बुबुळाची जाडीपण मोजली, कारण ते जाड असलं तर प्रेशर उगाच जास्त दाखवतं. बाबांचं नॉर्मल निघालं, म्हणजे ती पळवाट पण गेली.

शेवटी फील्ड टेस्ट. एक डोळा झाकून वाडग्यासारख्या मशीनमध्ये मधल्या ठिपक्याकडे बघत बसायचं, कडेला कुठे बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. बाबांना मध्येच डुलकी लागली, परत करावी लागली. कागदावर उजव्या डोळ्याला नाकाच्या बाजूला वरती काळा डाग आला. एक डाग तर प्रत्येकालाच असतो, जिथून नस निघते तिथला, पण हा दुसरा. काचबिंदू, म्हणजे प्रेशरने डोळ्याची नस हळूहळू खराब होते आणि आधी कडेचं दिसणं जातं. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळायला रोज रात्री एक थेंब.

येताना बाबा गप्प. धामापूर मागे पडलं तरी डावा डोळा तळहाताने झाकून खिडकीतून माड बघत होते.

"दिसता मगो," म्हणाले, "सगळे माड दिसतत."