रास विचारून ड्रमर घ्यावा का?

नागपुरात बँड जमवायचा तर गिटारवाले गल्लोगल्ली मिळतात, गाणारे नको म्हटलं तरी येतात. अडतं ते ड्रमरपाशी. किट मांडायला खोली हवी आणि शेजारी सोशिक हवेत. धरमपेठेत काय नि नंदनवनात काय, या दोन्ही गोष्टी एकाच घराला लाभणं कठीण. म्हणून मिळेल त्या ड्रमरला घेतलं जातं आणि मग तो असा का वाजवतो याची चर्चा टपरीवर सुरू होते. लय पळाली की "मेषेचा असन बे हा." एकाच टॉमची, म्हणजे किटमधल्या एका ढोलाची, चावी अर्धा तास पिळत बसला की "कन्या रास, दुसरं काय!" हे शास्त्र टपरीवर बरंच पुढे गेलेलं आहे. त्यातली निदानं पुष्कळदा बरोबरही असतात. कारण तेवढं चुकतं.

मेषेचंच घ्या. घाई हा ड्रमरांचा सार्वत्रिक रोग आहे, मेषेला उगाच बदनाम केलंय. साधा ठेका चालू असताना लय सहसा पळत नाही. पळते ती फिलमध्ये, म्हणजे ठेका सोडून मध्येच घेतलेल्या सजावटीच्या ठोक्यांत. ठेक्यात उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे पेडलने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, सारखे ठोके मोजत असतो, म्हणजे घड्याळ चालू असतं. फिल घ्यायला तो हात टॉमकडे गेला की घड्याळ बंद, आणि वर ‘आता सगळे माझ्याकडे बघतायत’ याची चढलेली नशा. हा समेवर क्रॅशची झांज हाणून मोकळा होतो तेव्हा बाकीचा बँड अजून वाटेत असतो. उपाय मंगळाच्या शांतीपेक्षा स्वस्त आहे. डावा पाय हाय-हॅटच्या पेडलवर दर मात्रेला पडत राहिला पाहिजे, फिलमध्येसुद्धा. मेट्रोनोम, म्हणजे लयीची टिकटिक करणारं यंत्र, मिनिटाला ६० वर लावायचा, तीन आवर्तनं ठेका, चौथ्यात फिल, तोंडाने ‘तकधिमि तकधिमि’ चालूच. हे बसलं की मेट्रोनोम ४० वर आणायचा आणि त्याची टिकटिक दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडते असं धरून ८० च्या लयीत वाजवायचं. सुरुवातीला बहुतेकांचं वाजवणं नकळत सरकतं आणि ती टिकटिक पहिल्या मात्रेवर येऊन बसते. सरकलं की थांबायचं आणि पुन्हा मोजून उचलायचं. तसंच पुढे रेटलं तर चूकच पाठ होते.

पत्रिकेत जन्मवेळेच्या मिनिटांवरून वाद होतात ते रास्तच आहे. नागपूरची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या साधारण साडेतेरा मिनिटं मागे आहे, आणि पत्रिकेतली लग्नरास काढताना तो हिशोब धरावा लागतो. ड्रमरचा हिशोब याहून कंजूष. १२० च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, तिचा पाव भाग १२५ मिलिसेकंदांचा. स्नेअर, म्हणजे खाली तारा लावलेला खणखणीत ढोल, तेवढ्यात वीस-पंचवीस मिलिसेकंद इकडेतिकडे झाला तरी ऐकणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. मात्र तेवढाच उशीर मुद्दाम आणि दर वेळी सारखा केला, किक (पायाने वाजणारा बेस ड्रम) मात्रेवर चोख ठेवून फक्त स्नेअर किंचित मागे ओढला, तर गाणं ऐसपैस बसल्यासारखं वाटतं. टपरी याला वृषभ म्हणते. किक आणि स्नेअर दोन्ही मागे पडले तर मात्र तो वृषभ नव्हे, जेवण जास्त झालंय.

मिथुनेपाशी हा खेळ गोत्यात येतो. रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स जन्मले २ जून १९४१ ला आणि लेड झेपलिनचा जॉन बॉनहॅम ३१ मे १९४८ ला. तारखांमध्ये दोन दिवसांचं अंतर, पाश्चात्त्य हिशोबाने दोघेही मिथुन. एकाचं किट म्हणजे चार ड्रमचा आटोपशीर संसार, डाव्या हातात काडी जॅझवाल्यांसारखी तळहात वर करून धरलेली. शिवाय स्नेअरचा ठोका पडताना उजवा हात हाय-हॅटवरून चक्क उचलून घ्यायची त्यांची खोड, म्हणजे त्या क्षणी फक्त स्नेअरच ऐकू यावा. दुसऱ्याचा बेस ड्रम २६ इंची, नेहमीच्या २२ इंचीपेक्षा चार इंच मोठा, आणि एकाच पायाने त्यावर घेतलेले असे त्रिकुट ठोके की ऐकणारे दुसरं पेडल शोधत बसत. एक जागा सोडणारा, दुसरा जागा भरणारा. मिथुन ही जोडीची रास असल्यामुळे दोघं मिळून एक रास पूर्ण होते, असा युक्तिवाद टपरीवर ऐकायला मिळतो. त्यावर काय बोलणार?

त्यातही आपलं पंचांग काढलं की घोळ वाढतो. ते निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेलं; पाश्चात्त्य राशी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या. दोन्हींत सुमारे २४ अंशांचा फरक. म्हणजे वॉट्स आणि बॉनहॅम, दोघांचाही सूर्य आपल्याकडे वृषभेत. वर आपल्या घरात रास सांगतात ती चंद्राची, आणि चंद्र सव्वादोन दिवसांत घर बदलतो, त्यामुळे नुसत्या जन्मतारखेवर भागत नाही. सायन-निरयनच्या या घोळाचं सगळ्यात गोड उदाहरण त्रिलोक गुर्टू, गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, जन्म मुंबईत, ३० ऑक्टोबर १९५१ चा. ते खाली बसून ड्रम वाजवतात आणि वाजवलेली झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवतात. सायन हिशोबाने सूर्य वृश्चिकेत, वृश्चिक जलतत्त्वाची, समोर पाण्याची बादली: ज्योतिषाला यापेक्षा काय हवं? निरयनात मात्र सूर्य तुळेत जातो, तूळ वायुतत्त्वाची, आणि बादली जागेवरच राहते.

सिंह आणि कन्या यांची अशीच अदलाबदल होते. ‘द हू’चा कीथ मून, २३ ऑगस्ट १९४६, सायन कन्येच्या अगदी उंबरठ्यावर. नीटनेटकी, मोजूनमापून वागणारी ती कन्या आणि हा दोन-दोन बेस ड्रम घेऊन हाय-हॅटला बरेचदा रजा देणारा, सगळं गाणं म्हणजेच फिल समजणारा गडी! निरयनात तो सरळ सिंहेत बसतो आणि जीव भांड्यात पडतो. पण मग ‘रश’ बँडचा नील पिअर्टही (१२ सप्टेंबर १९५२) कन्येतून सिंहेत जातो आणि पुन्हा पंचाईत. जगभर नाव झाल्यावर, १९९० च्या दशकात, फ्रेडी ग्रूबर या गुरूकडे जाऊन काडी धरण्यापासून परत शिकणारा हा माणूस कन्येचाच राहायला हवा होता.

सिंहेचा म्हणून जो ड्रमर ओळखला जातो, त्याच्या झांजा लवकर फुटतात. बहुतेकांना वाटतं, जोरात मारल्याने फुटतात. निम्मं खरं. स्टँडवरचा नट गच्च आवळलेला असतो, झांजेला हलायला जागा नसते, आणि काडीचा खांदा थेट कडेवर काटकोनात बसतो. मग कडेला केसाएवढी चीर पडते, किंवा मधल्या भोकाची प्लॅस्टिकची नळी गायब असल्याने भोक एका बाजूला झिजून लांबट होतं. झांज आपल्याकडे किंचित झुकवावी, वर-खाली नमदा असावा, नट इतका सैल की हाताने ढकलल्यावर ती डोलत राहील. ठोका आरपार नाही, बाजूला निसटता.

कन्येचा ड्रमर आधी चिडवला जातो आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्यालाच शोधत येतात. नवं हेड, म्हणजे ड्रमच्या तोंडावरचा पडदा, चढवताना तो लाकडाची कड फडक्याने पुसतो, सगळे स्क्रू आधी बोटांनीच टेकवतो, मग चावीने अर्धा-अर्धा फेरा देतो, तोही शेजारच्या स्क्रूला नाही, समोरासमोरच्या. हेडच्या मधोमध तळवा दाबून ते बसवतो. मग दर स्क्रूपासून इंचभर आत काडीने टकटक करून सगळे सूर एक होईपर्यंत पाव-पाव फेऱ्याने फिरतो. आपल्याकडे एवढ्याने भागत नाही, कारण नागपूरचा मे. एसी हॉलमध्ये दुपारी लावलेलं किट संध्याकाळी वर्धा रोडवरच्या लॉनवर नेलं की तासाभरात टॉम सूर सोडून खाली उतरतात. प्लॅस्टिकचं हेड उष्णतेने लाकडापेक्षा जास्त पसरतं आणि ढिलं पडतं. हेच ऊन डफड्याला मात्र चढवतं. कातडं वाळून ताणलं जातं, म्हणून तर वाजवणारे ते जाळावर शेकून घेतात. १९५७ च्या सुमारास प्लॅस्टिकची हेड बाजारात आली आणि ड्रमरांची पावसाळ्यातली चिंता मिटली. विदर्भातल्या उन्हाळ्याचा विचार तेव्हा कोणी केला नसावा. तेव्हा किट लॉनवर नेऊन अर्धा तास नुसतं राहू द्यावं आणि मग चावी हातात घ्यावी. ट्रकमधून उतरवल्या उतरवल्या लावलेलं किट पहिल्याच गाण्याला दगा देतं. स्नेअरच्या खालच्या हेडला बोट लावू नये. ते जेमतेम ७५ मायक्रॉनचं असतं, एका नखाने जातं.

बाकीच्या राशींचं फार सांगण्यासारखं नाही. मकर क्लिकशिवाय, म्हणजे कानातल्या मेट्रोनोमशिवाय, वाजवत नाही आणि क्लिक बंद पडला की कावराबावरा होतो. कुंभेच्या नावावर इलेक्ट्रॉनिक पॅड खपवतात. धनूला सात मात्रांचं काहीतरी सुचतं, तेही वरातीत. तूळ हळू-जोराचा तोल छान सांभाळते, फक्त जाड ५ए काडी घ्यावी की बारीक ७ए यावर दुकानात तास घालवते. कर्क म्हणजे बीटल्सचा रिंगो स्टार, ७ जुलै १९४०. डावखुरा माणूस उजव्या हाताच्या किटवर, त्यामुळे फिल उलट्या बाजूने सुरू होतात आणि नक्कल करणाऱ्याचे हात एकमेकांत अडकतात. यात चंद्राचा हात नाही, डाव्याचा आहे. मीन तंद्रीत जाते.

नवा ड्रमर पारखायचाच असेल तर त्याच्या हातातली वापरलेली काडी मागून घ्यावी. टोकाखालचा खांदा चघळल्यासारखा झाला असेल तर हाय-हॅटच्या कडेवर जोर आहे. मधल्या भागात एकाच जागी खाच पडली असेल तर रिमशॉट, म्हणजे कड आणि पडदा एकदम लागणारा ठोका, नेमका बसतो, हे चांगलं लक्षण. खाचा दोन-तीन इंचांत विखुरलेल्या असतील तर स्नेअरची उंची किंवा स्टूल दर वेळी वेगळं असतं. एक काडी झिजलेली आणि दुसरी कोरी असेल तर डाव्या हाताचा रियाज राहिलाय.

आणि पत्रिका जुळवायची हौस असेलच, तर ड्रमर आणि बेस गिटारवाला यांची जुळवावी. बँडमधलं खरं लग्न ते. छत्तीस गुणांपैकी आठ एकट्या नाडीचे, आणि दोघांची नाडी एक आली की दोष. इथेही तेच होतं. किकचा गाभा ६० हर्ट्झच्या आसपास, बेसची सगळ्यात जाड तार ४१ ला, आणि तिचे वरचे सूर नेमके किकच्या अंगणात. दोघं एकाच जागी उभे राहिले की स्पीकरमधून नुसतं गुरगुरणं येतं आणि ड्रमर म्हणतो किक ऐकू येत नाही, बेसवाला म्हणतो बेस. मग दोघंही आवाज वाढवतात. त्याऐवजी बाकी सगळे बंद करून दोघांचीच आठ आवर्तनं वाजवून घ्यावीत, मोबाईलवर रेकॉर्ड करावीत आणि हेडफोन लावून ऐकावीत. मोबाईलच्या स्पीकरमध्ये हा भाग येतच नाही. ठोके एकत्र पडत असूनही गढूळ वाटलं तर मिक्सरवर बेसचा ६० चा भाग तीन-चार डेसिबलने उतरवावा आणि त्याला १०० च्या आसपास थोडी जागा द्यावी. किकमध्ये एक उशी पुढच्या हेडला टेकवून ठेवावी. दोन नकोत, दुसरी घातली की आवाज खोक्यावर मारल्यासारखा येतो.