तुळशीचा मळा : आमची वाटचाल

उत्तर सोलापूर तालुक्यात आम्ही तुळस पिकवतो. सुरुवात पंढरपूरच्या हारांपासून झाली, औषधी वाळला पाला नंतर आला. आता दोन्हींची रानं वेगळी आहेत. हाराला मंजुळा लागतात, पाल्याची कापणी मंजुळा धरण्याआधी करावी लागते. एकाच वाफ्यातून दोन्ही काढायला गेलं की पाला देठाळ निघतो आणि हारही भरत नाही.

बी फार बारीक. एकराला 125 ग्रॅम पुरतं. चौपट चाळलेल्या वाळूत मिसळून ते गादीवाफ्यावर फोकायचं आणि वर शेणखताचा पातळ थर द्यायचा. खोल गेलेलं बी नीट उगवत नाही. मे महिन्यात इथं पारा 40 च्या वर असतो, म्हणून रोपांवर 50 टक्के सावलीची जाळी. सहा आठवड्यांनी रोपं 45 बाय 45 सेंटिमीटरवर लावतो.

खरा धोका काळ्या जमिनीचा. पाऊस कमी, पण साचलेलं पाणी ती लवकर सोडत नाही. मुळं कुजली की झाड तहानल्यासारखं माना टाकतं आणि माणूस आणखी पाणी देतो! आधी बोटभर माती उकरून ओल बघावी. आम्ही सरी मोडून उंच गादी आणि ठिबक केलं, ते यासाठीच.

पानं मुरडली, फिकट ठिपके पडले आणि खालून काळे कण दिसले की जाळीदार पंखांचा ढेकूण आला समजा. 5 टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूला बसला पाहिजे. रासायनिक औषध मारत नाही. हे पान तीर्थाबरोबर तोंडात जातं.

संध्याकाळी, रविवारी आणि द्वादशीला तुळस तोडायची नाही, हा घरचा नेम धंद्यातही पाळतो. एकादशीचे हार दशमीला सकाळी दव उडाल्यावर तोडलेल्या तुळशीचे. ओलं गोणपाट फक्त देठांकडे. पानांवर पाणी राहिलं तर पंढरपूरला पोचेपर्यंत ती काळी पडतात.

पाला मात्र सावलीतच, जाळीच्या मांडणीवर दोन बोटं जाडीचा पसरतो. उन्हात रंग जातो आणि वासाचं तेलही उडतं. पाच-सहा किलो ओल्या पानांचा एक किलो होतो. पान चुरचुरलं आणि देठ कट्कन मोडला की भरायचा. घाई केली तर पुडीत बुरशी धरते. पुडीवर कुठलाही रोग बरा करण्याचं वचन आम्ही छापत नाही. तुळशीवरची श्रद्धा गिऱ्हाईक घरूनच घेऊन येतं. तिच्या जोरावर औषधाचा दावा करणं आम्हाला पाप वाटतं.

झाडं म्हातारी झाली की उपटतो, पण जाळत नाही. जाड बुंधे सावलीत पूर्ण सुकवून माळा करणाऱ्या कारागिरांकडे जातात. ओल्या लाकडाचा मणी भोक पाडतानाच चिरतो.