नवी हार्ड डिस्क: आधी पिळून काढली, मग फोटो टाकले

८ टीबीची हार्ड डिस्क मी घेतली ती बॅकअपसाठी. म्हणजे मूळ कॉपी गेली तर जिच्याकडे धाव घ्यायची, ती हीच. नेमकी त्याच वेळी ती कुरकुरायला लागली तर बॅकअप असून नसल्यासारखा. त्यामुळे तिच्यावर एकही फोटो टाकण्याआधी तिला चांगलं राबवून घ्यायचं ठरवलं होतं.

कोऱ्या करकरीत वस्तूवर एवढा संशय कशाला, असं घरात विचारून झालं. पण हार्ड डिस्कचं गणित निराळं आहे. काही डिस्क सुरुवातीच्या काळातच मान टाकतात, मग बरीच वर्षं शांततेत जातात आणि वय झालं की बिघाडाचं प्रमाण पुन्हा वाढतं. या आलेखाला त्याच्या आकारावरून ‘बाथटब कर्व्ह’ म्हणतात. त्यात आत फिरणाऱ्या चकत्यांपासून त्यांच्यावर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडचं अंतर काही नॅनोमीटर असतं, आणि वाटेत खोकं किती वेळा आपटलं हे खोक्यावर कुणी लिहीत नाही.

डिस्क संगणकाच्या आत थेट साटा केबलने जोडली. यूएसबीच्या डबीतूनही तपासता येते, पण काही डब्यांमधली चिप ‘स्मार्ट’ची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची, माहिती पुढे जाऊच देत नाही. काही डब्या जरा हालचाल दिसली नाही की डिस्कला झोपवतात आणि तासन्‌तास चालणारी चाचणी मध्येच तुटते.

स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच स्वतःबद्दल ठेवत असलेली नोंदवही. विंडोजवर ती क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दिसते, मी लिनक्सवर स्मार्टसीटीएल वापरलं. काहीही चालवण्याआधी पूर्ण अहवाल दुसऱ्या डिस्कवर सेव्ह करून ठेवला. पुढे सगळं याच फाइलवर ठरलं, कारण या नोंदींमध्ये आकड्यापेक्षा आकड्यातला बदल जास्त बोलतो.

सिरियल नंबर लेबलशी आणि कंपनीच्या वॉरंटीच्या पानाशी जुळला. डिस्क किती तास चालली आहे ते सांगणारा आकडा शून्य होता. मात्र हा आकडा पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीतून बातम्या आल्या होत्या, की वापरलेल्या सीगेट डिस्कचे स्मार्टचे आकडे शून्य करून त्या नव्या म्हणून विकल्या गेल्या. सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची आणखी एक नोंद असते, त्यातले तास मात्र खरे निघाले आणि बिंग फुटलं. स्मार्टसीटीएलच्या ७.४ आवृत्तीपासून ही नोंद वाचता येते, तेव्हा डिस्क सीगेटची असेल तर तीही बघून घ्यावी.

स्मार्टच्या यादीत बऱ्याच ओळी असतात, मी चारच धरल्या. क्रमांक ५ म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर (सेक्टर म्हणजे डेटा ठेवायचा चकतीवरचा छोटा कप्पा). १९७ म्हणजे संशयित सेक्टर, जे वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे. १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत न वाचता आलेले. १९९ म्हणजे केबलवरून येता-जाताना झालेल्या चुका. सीगेटच्या डिस्कमध्ये ‘रॉ रीड एरर रेट’समोर कोटींचा आकडा दिसतो आणि माणूस हादरतो. पण त्या एकाच आकड्यात किती वेळा वाचलं आणि किती चुका झाल्या हे दोन्ही कोंबलेलं असतं. त्याने झोप उडवून घेऊ नये.

आणि वर ठळक अक्षरात येणारं ‘पास्ड’? त्याचा अर्थ एवढाच, की कंपनीने ठरवलेली धोक्याची रेषा एकाही आकड्याने ओलांडलेली नाही. गूगलने २००७ मध्ये स्वतःकडच्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये तापमान सोडून स्मार्टच्या कुठल्याच नोंदीत बिघाडाची खूण नव्हती. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता बिनचूक डिस्कच्या ३९ पट होती. थोडक्यात, नोंदवही कोरी असेल तर हुरळून जायचं नाही, आणि डाग पडला तर कानाडोळा करायचा नाही.

मग डिस्कच्या आतच असलेल्या चाचण्या लावल्या. शॉर्ट टेस्ट दोनेक मिनिटांत उरकली. वाहतुकीतली इजा शोधणारी कन्व्हेअन्स टेस्टही पटकन झाली. लाँग टेस्ट रात्रभर लावून ठेवली, ती अख्खा पृष्ठभाग वाचते. सगळं निर्धोक. बरेच जण इथेच थांबतात. पण लाँग टेस्ट फक्त वाचते. त्या जागेवर आपण नव्याने लिहिलं तर ते टिकतं का, हे तिला ठाऊक नसतं. ते कळायला प्रत्येक सेक्टरवर लिहून परत वाचावंच लागतं.

हे काम लिनक्सवरचा बॅडब्लॉक्स हा प्रोग्राम करतो, आणि त्याच्या लिहिण्याच्या पद्धतीत डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. त्यामुळे आधी जुन्या डेटाच्या डिस्कची केबल सरळ काढून ठेवली. लिनक्समध्ये डिस्कची एसडीए, एसडीबी ही नावं रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकतात, म्हणून ज्या नावात सिरियल नंबर येतो तेच कमांडमध्ये दिलं. ब्लॉकचा, म्हणजे तपासायच्या एका तुकड्याचा, आकारही ४०९६ बाइट द्यावा लागला. मुळात तो १०२४ असतो, आणि तेवढ्या छोट्या ब्लॉकने ८ टीबी मोजायला बॅडब्लॉक्सची ३२ बिटांची मोजणी पुरत नाही.

बॅडब्लॉक्स चार नमुने लिहितं: १०१०१०१०, मग त्याच्या उलट ०१०१०१०१, मग सगळे एक, शेवटी सगळे शून्य. प्रत्येक नमुना डिस्कभर लिहायचा आणि डिस्कभर वाचायचा, म्हणजे एकूण आठ फेऱ्या. सरासरी वेग सेकंदाला १५० एमबी धरला तर ८ टीबीची एक फेरी १५ तासांची, आणि सगळं मिळून पाच दिवस. वेगही सारखा राहत नाही. चकतीच्या बाहेरच्या कडेला जो असतो तो आतल्या कडेला जवळजवळ निम्म्यावर येतो. तसं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. तापमान मात्र चाळिशी ओलांडून वर सरकायला लागलं, तेव्हा समोर एक पंखा लावला.

पहिल्याच फेरीत १९९ वाढायला लागला. इथे डिस्कला दोष देण्याची घाई करू नये, हा आकडा बहुतेक वेळा केबलचा असतो. चाचणी थांबवून केबल बदलली आणि आकडा जिथे होता तिथे थांबला. तो परत शून्य होत नाही, वाढत नाही ना एवढंच बघायचं.

खरी भानगड दुसरा नमुना वाचताना निघाली. बॅडब्लॉक्सच्या प्रगतीच्या ओळीत शेवटी कंसात तीन आकडे असतात: वाचताना, लिहिताना आणि जुळवताना झालेल्या चुका. तोवर ते ०/०/० असे निवांत बसले होते. पहिलं शून्य गेलं आणि तिथे १ आला, काही वेळाने ३. स्मार्ट उघडलं तर १९७ मध्ये २४. हिशेब जुळत होता: आतला प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा, पण डिस्क बाहेर ५१२ बाइटचे सेक्टर दाखवते, म्हणजे एकाचे आठ आणि तिनाचे चोवीस. पुढचा नमुना लिहिला गेला तसा १९७ शून्यावर आला आणि ५ मध्ये २४ जमा झाले, म्हणजे डिस्कने ते सेक्टर बाद करून राखीव जागेतले वापरले. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी नव्या डिस्कमध्ये ते चालवून घेतलं नसतं. पण पुढच्या वाचनात १९७ पुन्हा वर गेला. वरचं ‘पास्ड’ अजून तसंच!

चाचणी तिथेच थांबवून लाँग टेस्ट पुन्हा लावली. या वेळी ती ‘रीड फेल्युअर’ म्हणून मध्येच थांबली आणि पहिली चूक कुठल्या पत्त्यावर आहे तेही लिहून गेली. हा कागद फार कामाचा. विक्रेत्याने आधी “फॉरमॅट करून बघा” असं सुचवलं. फॉरमॅटने फाइल सिस्टीम नवी होते, चकतीवरची जखम भरत नाही. मी वाद न घालता सुरुवातीचा अहवाल, नंतरचा अहवाल आणि फेल झालेल्या चाचणीची नोंद पाठवली. डिस्क बदलून मिळाली.

बदलून आलेल्या डिस्कवर सगळं पहिल्यापासून केलं. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आठही फेऱ्या ०/०/०, पाचव्या क्रमांकापासून १९९ पर्यंत सगळं जागच्या जागी.

मग फाइल सिस्टीम तयार केली, फोटो कॉपी केले आणि दोन्हीकडचे चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेले ओळखीचे आकडे, जुळवले. त्याआधी डिस्क अनमाउंट करून पुन्हा जोडली. नाहीतर ताजी कॉपी रॅममधूनच वाचली जाते आणि डिस्कची परीक्षा होतच नाही. आता मागे चालू राहून स्मार्टवर लक्ष ठेवणारं स्मार्टडी महिन्यातून एकदा लाँग टेस्ट लावतं, आणि १९७ शून्यावरून हलला तर मला मेल येतो. एसएसडी, म्हणजे चकत्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, घेतली तर मात्र हा आठ फेऱ्यांचा घाट मी घालणार नाही. तिथे प्रत्येक लिखाण आयुष्यातून वजा होतं, म्हणून एकदा पूर्ण भरून वाचून घेणं पुरे. जुनी बॅकअप डिस्क मी अजून पुसलेली नाही. नव्या डिस्कच्या दोन-तीन मासिक चाचण्या कोऱ्या गेल्या, की मग ती दुसऱ्या कामाला लावेन.