पूररेषेच्या आत की बाहेर, एवढ्यावर भागत नाही

नदीकाठच्या इमारतींची पूरजोखीम काढायचं काम आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: जागा पूररेषेच्या आत आहे की बाहेर? विमा कंपनी तेच विचारते, बांधकामाला परवानगी देणारेही तेच. मी मात्र आधी जोत्याची पातळी मागते. रेषेच्या आत असूनही उंच जोत्याची इमारत कोरडी राहू शकते. उलट, रेषेबाहेरच्या इमारतीचं तळघर गटारातून उलटं आलेल्या पाण्यानं भरतं.

सुरुवात नदीच्या विसर्गापासून, म्हणजे दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्यापासून करते. जवळच्या सरिता मापन केंद्रावरून दर वर्षीचा सर्वांत मोठा विसर्ग घ्यायचा. मालिका तीसेक वर्षांची तरी हवी. दिवसातून एकदाच पातळी नोंदवली जात असेल, तर लहान, झपाट्यानं चढणाऱ्या नदीचं शिखर रात्रीतून निघून जातं आणि वहीत उतरतच नाही. शिवाय मोठ्या पुरात करंट मीटर (प्रवाहाचा वेग मोजणारं यंत्र) टाकून प्रत्यक्ष मोजणी क्वचितच झालेली असते. तो आकडा पातळी-विसर्ग वक्र (कोणत्या पातळीला किती विसर्ग ते दाखवणारा आलेख) वर ताणून काढलेला असतो, म्हणून तो वक्र कुठपर्यंत मोजलेला आहे ते विचारून घेते. वरच्या अंगाला मधल्या काळात धरण झालं असेल, तर आधीच्या आणि नंतरच्या नोंदी एकत्र करत नाही. मग त्या आकड्यांवर गंबेल किंवा लॉग-पिअर्सन टाइप ३ ही संख्याशास्त्रीय वितरणं बसवून 10, 25, 100 आणि 500 वर्षांचे पूर काढते. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी 1 टक्का शक्यता. 30 वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता 26 टक्के होते. तीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेला पाचशे वर्षांचा आकडा एकटा कधीच देत नाही. सोबत त्याची खालची-वरची मर्यादा लिहिते.

पुढचं काम उंचीचं, आणि खरा घोळ इथेच होतो. उपग्रहावरून मोफत मिळणाऱ्या उंचीच्या नकाशांत झाडांचे शेंडे आणि छपरंही मिसळलेली असतात. त्यांची चूक काही मीटरची, आणि आपल्याला तर वीस-तीस सेंटिमीटरचा निकाल लावायचा असतो. त्यामुळे नदीचे आडवे छेद (काठापासून काठापर्यंत पात्राची उंची-खोली) आणि जोत्यांच्या पातळ्या जागेवर मोजूनच घ्याव्या लागतात. जीपीएस देतो ती उंची पृथ्वीच्या आकारासाठी गणितात धरलेल्या लंबवर्तुळाकृती पृष्ठापासूनची. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीशी तिचा फरक जगात काही ठिकाणी 100 मीटरच्या आसपास जातो. नदीची पातळी एका आधारावर आणि जोतं दुसऱ्या, असं झालं की पुढचं सगळं गणित वाया.

हेक-रास या नदीप्रवाहाचं प्रारूप चालवणाऱ्या संगणक प्रणालीत छेद भरताना मॅनिंगचा गुणांक, म्हणजे पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा, स्वच्छ, सरळ पात्राला 0.03 च्या आसपास धरते. काठाच्या दाट झुडपांत तो 0.1 पर्यंत जातो. प्रारूपाच्या खालच्या टोकाची सीमा आपल्या जागेपासून बरीच खाली ठेवावी, नाहीतर तिथली गृहीत पातळीच इमारतीपाशी येऊन बसते. पुलाचे गाळे एकदा मोकळे आणि एकदा ओंडक्या-कचऱ्यानं अर्धे तुंबलेले, असं दोनदा चालवते. वरच्या बाजूचा फुगवटा दुसऱ्या वेळी कळतो.

गणित जुळलं का, हे पूरखुणांवरून तपासायचं. भिंतीवरचा ओलीचा डाग घेऊ नका: गिलावा पाणी वर ओढतो, म्हणून डाग खऱ्या पातळीच्या वर असतो. वाळलेल्या गाळाची बारीक आडवी रेघ शोधा, तीही शक्यतो खोलीच्या आतली, कारण बाहेर लाटांनी रेघ चढते. झाडाच्या किंवा पुलाच्या खांबाच्या वरच्या अंगाला अडकलेला कचराही फसवतो. प्रवाह सेकंदाला 3 मीटर असेल, तर आपटलेलं पाणी 46 सेंटिमीटरपर्यंत चढतं.

विम्यासाठी प्रत्येक पुरातली पाण्याची पातळी उणे जोत्याची पातळी, ही खोली नुकसान-वक्रावर (किती खोल पाण्यात किती नुकसान ते दाखवणारा आलेख) टाकायची. उदाहरण म्हणून 10 वर्षांच्या पुरात इमारतीच्या किमतीच्या 0 टक्के, 25 वर्षांच्या पुरात 10, 100 च्या पुरात 30 आणि 500 च्या पुरात 50 टक्के नुकसान धरा. शक्यतेच्या प्रत्येक पट्ट्याला (10 ते 25 वर्षांसाठी 10 उणे 4, म्हणजे 6 टक्के) त्यातल्या सरासरी नुकसानानं गुणलं की 0.30, 0.60, 0.32 आणि 500 च्या पलीकडचे 0.10, एकूण वार्षिक सरासरी नुकसान 1.32 टक्के. सर्वांत मोठा वाटा 25 ते 100 वर्षांच्या पट्ट्याचा आहे. त्यामुळे फक्त शंभर वर्षांच्या रेषेवर हप्ता ठरवणं मला चुकीचं वाटतं. याच इमारतीत विजेचा मुख्य फलक आणि माल वर हलवला, तर नेमका मधला पट्टा खाली येतो.

पूरक्षेत्राच्या नियोजनाला तेच प्रारूप वेगळ्या प्रश्नासाठी वापरते: इथे भराव घातला तर समोरच्या काठावर पाणी किती चढेल? एकेका भरावाचा परिणाम दोन-तीन सेंटिमीटर दिसतो आणि प्रत्येकाला मंजुरी मिळत जाते. म्हणून दोन्ही काठ परवानगीच्या मर्यादेपर्यंत भरले आहेत असं धरून एकत्र गणित करते. अमेरिकेत अशा एकत्रित चढाला 1 फुटाची मर्यादा आहे आणि तेवढाच चढ होऊन शंभर वर्षांचा पूर वाहून जायला लागणारा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. अहवालात छेद कोणत्या वर्षी मोजले आणि उंचीचा आधार कोणता, हे पहिल्याच पानावर लिहिते. नवा पूल, बांध किंवा मोठा वाळूउपसा झाला की ते छेद पुन्हा मोजावे लागतात.